तिशीनंतर इंजिनिअरिंग : आधी हिशेब, मग उडी

(तरुणांच्या एका मार्गदर्शन शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला ‘आयटी क्षेत्रातील संधी’ असा विषय दिला होता. मी बारावीच्या मुलांना समोर ठेवून तयारीही केली होती. पण काल तुम्ही चिठ्ठ्यांवर लिहून दिलेले प्रश्न वाचले आणि ती तयारी बाजूला ठेवली. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या नोकरीधंद्यात असलेल्यांच्या आहेत. एक जण बी.कॉम. आहे, वय 29, टाइल्सच्या दुकानात हिशेब पाहतो. एक ताई डी.एड. आहेत, विनाअनुदानित शाळेत शिकवतात. एक भाऊ आयटीआय फिटर, दहा वर्षे कंत्राटावर. प्रत्येकाने वेगळ्या शब्दांत एकच विचारले आहे : आता इंजिनिअर होता येईल का? वय तर गेले नाही ना?

मी इंजिनिअरिंगची पदवी वेळेवर, म्हणजे बारावीनंतर लगेच घेतली. त्यामुळे उशिरा येणाऱ्याचा रस्ता मी स्वतः चाललेलो नाही. पण गेली काही वर्षे मी मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडे बसतो. कोण आत येतो, कोण दारातून परत जातो आणि का, हे पाहतो. शिवाय आमच्याच घरातल्या एकीने हा रस्ता पार केला आहे. तेवढ्या आधारावर बोलतो.

कलामसाहेब आणि जोहरा

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे नाव आपल्या प्रत्येक कार्यक्रमात निघते. पण एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. कलामसाहेब बारावीनंतर इंजिनिअरिंगला गेलेले नाहीत. त्यांनी तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ कॉलेजातून आधी बी.एस्सी. केली. त्या शिक्षणाच्या शेवटी त्यांच्या लक्षात आले की भौतिकशास्त्र हा आपला रस्ता नव्हे, आपल्याला इंजिनिअरिंग करायचे आहे. मग मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रवेश मिळाला. फी साधारण हजार रुपये. वडिलांकडे तेवढे नव्हते. तेव्हा बहीण जोहरा हिने सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली. ‘अग्निपंख’मध्ये हे त्यांनीच सांगितले आहे.

ही गोष्ट मी प्रेरणेसाठी सांगत नाही. तिच्यात दोन व्यवहाराच्या गोष्टी आहेत. पहिली, रस्ता बदलणे ही लाजेची बाब नाही. दुसरी, रस्ता कोणीही बदलला तरी त्याची किंमत घरातले कोणीतरी देते. कलामसाहेबांनी ती किंमत लक्षात ठेवली. बांगड्या स्वतःच्या कमाईतून सोडवायच्या असे ठरवले आणि शिष्यवृत्तीसाठी अभ्यासाला लागले. आज आपण बोलणार आहोत त्यात हा बांगड्यांचा हिशेब पुन्हा पुन्हा येईल.

कोणते इंजिनिअरिंग?

‘इंजिनिअर व्हायचे आहे’ हे वाक्य अपुरे आहे. दोन प्रकार वेगळे करा.

सिव्हिल, इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल अशा क्षेत्रांत, आणि कोणत्याही सरकारी भरतीत, पदवी किंवा पदविका लागतेच. तिथे कितीही अनुभव असला तरी कागदाशिवाय पद मिळत नाही. सॉफ्टवेअरमध्ये तसे नाही. खासगी कंपनीत तुम्हाला काम येते का, हे शेवटी पाहिले जाते. पदवी दारापर्यंत पोहोचायला मदत करते, पण ती कायद्याने आवश्यक नाही.

म्हणून फिटर भावाला माझे उत्तर असे : तुमच्यासाठी पदविका हा खरा रस्ता आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यांना पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. पदविका झाली की पदवीच्याही थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. नोकरी सोडता येत नसेल तर आणखी एक सोय आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2023-24 पासून नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत चालणाऱ्या वेगळ्या तुकड्यांना मान्यता द्यायला सुरुवात केली आहे. सगळ्या कॉलेजांत त्या नाहीत. आपल्या जवळ कुठे आहेत ते शोधा. आणि तुमची दहा वर्षे वाया गेलेली नाहीत. ड्रॉइंग वाचणे, मशीनचा आवाज ओळखणे, कुठला पार्ट कशाने घासतो हे कळणे, या गोष्टी वर्गात बसलेल्या वीस वर्षांच्या मुलाला शिकवता शिकवता प्राध्यापक थकतात.

ज्यांनी बी.एस्सी. केली आहे आणि बारावीला गणित होते, त्यांनाही पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशप्रक्रियेत अर्ज करता येतो. हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असते.

बी.ए., बी.कॉम. झालेल्यांसाठी एमसीए आहे. पूर्वी ती तीन वर्षांची होती, 2020-21 पासून दोन वर्षांची झाली. बारावीला किंवा पदवीला गणित होते का, हा प्रश्न तिथे येतो. नियम बदलत असतात, म्हणून त्या वर्षीची सीईटी सेलची माहितीपुस्तिका वाचा. मित्राने तीन वर्षांपूर्वी काय केले त्यावर जाऊ नका.

घरी राहून शिकायचे असेल तर आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन अभ्यासक्रम 2020 मध्ये सुरू झाला. त्याला जेईई लागत नाही, वयाची अट नाही. आधी काही आठवड्यांचा अभ्यास आणि पात्रता परीक्षा, मग प्रवेश. परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यावी लागते. मध्येच थांबावे लागले तरी पूर्ण केलेल्या टप्प्यानुसार प्रमाणपत्र किंवा पदविका मिळते. उत्पन्नानुसार फीमध्ये सवलत आहे. ही बी.टेक. नव्हे, हे लक्षात ठेवा. पण शिकवणे खरे आहे आणि परीक्षा कठीण आहे.

मैत्रिणींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. जुलै 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने निर्णय काढला. ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना, केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. आपल्यातल्या अनेक बिरादऱ्या ओबीसीच्या यादीत आहेत : बागवान, तांबोळी, पिंजारी, मोमीन आणि इतर. पण घरात कोणी दाखलाच काढलेला नसतो. ‘आपल्यात जात नसते’ असे आपण म्हणतो आणि कागदावरचा हक्क सोडून देतो. प्रवेशाच्या आठवड्यात तहसीलला पळून दाखला मिळत नाही. हे काम आजच सुरू करा.

कुठे फसाल

तिशीतल्या माणसाला घाई असते. त्या घाईवर एक मोठा धंदा चालतो.

दूरशिक्षणाने बी.ई., बी.टेक. देतो असे कोणी म्हटले तर तिथून उठा. सर्वोच्च न्यायालयाने 3 नोव्हेंबर 2017 रोजी काही अभिमत विद्यापीठांनी परवानगीशिवाय दूरशिक्षणाने दिलेल्या इंजिनिअरिंग पदव्यांबद्दल निकाल दिला. काही वर्षांच्या पदव्या स्थगित झाल्या, काही रद्द झाल्या. ज्यांनी त्या घेतल्या ते बहुतेक तुमच्यासारखेच नोकरी करणारे लोक होते. एएमआयईबद्दलही विचारणा होते. पूर्वी नोकरी करत इंजिनिअर होण्याचा तो चांगला रस्ता होता. पण पदवीशी समकक्ष अशी त्याची मान्यता 31 मे 2013 पर्यंत नोंदणी केलेल्यांपुरती आहे. काकांनी एएमआयई केले म्हणून तुम्ही आज करू नका.

दुसरा सापळा ‘शंभर टक्के प्लेसमेंट’वाल्या क्लासचा. माझ्या ओळखीतल्या एका तरुणाने हिशेबनिसाची नोकरी सोडून असा क्लास लावला. फी एक लाख चाळीस हजार. रोख नव्हते, म्हणून ‘नो कॉस्ट ईएमआय’. तीन महिन्यांत त्याला कळले की शिकवणारा स्वतः नुकताच क्लास संपवलेला मुलगा आहे. त्याने जाणे बंद केले. हप्ता बंद झाला नाही. कारण ज्या कागदावर सही केली होती तो क्लासचा नव्हता, एका वित्तसंस्थेच्या कर्जाचा होता. आपल्या अनेक घरांत व्याज नको म्हणून बँकेचे शैक्षणिक कर्ज घेत नाहीत. ती ज्याची त्याची श्रद्धा आहे, मी त्यावर बोलणार नाही. पण त्याच घरात असा कागद न वाचता सही होते, याचे वाईट वाटते. कर्ज घ्यायचे की नाही हे तुम्ही ठरवा. घेतो ते कर्ज आहे हे आधी कळू द्या.

या तरुणाला पुढे एका एजंटाने ‘दोन वर्षांचा अनुभव’ विकत देऊ केला. लेटरहेड, पगाराच्या स्लिपा, सगळे. हे पुण्यात सर्रास चालते आणि ‘सगळेच करतात’ असे सांगितले जाते. मी पलीकडच्या टेबलावरून सांगतो : पडताळणी करणारे तुमचा पीएफचा इतिहास मागतात. ज्या कंपनीत दोन वर्षे होतो म्हणता तिचा एकही भरणा त्यात नसेल तर प्रश्न सुरू होतात. जॉइन झाल्यानंतर सहा महिन्यांनी काढलेली माणसे मी पाहिली आहेत. आणि खरी गोष्ट तर अशी की त्याच्याकडे खरा अनुभव होता. पाच वर्षे टॅली, जीएसटीची विवरणपत्रे, गोदामातल्या मालाचा ताळमेळ. तो लपवून तो खोटा अनुभव विकत घेणार होता. शेवटी त्याने तो घेतला नाही. आज तो एका लहान कंपनीत आहे. दुकानदारांसाठी बिलिंगचे सॉफ्टवेअर ती बनवते. तो सपोर्टला लागला, कारण गिऱ्हाइकाची तक्रार त्याला पहिल्या वाक्यात कळत होती. आता थोडे थोडे कोडही लिहितो.

आपाची गोष्ट

आता आमच्या घरातली गोष्ट. माझी खालाची मुलगी, मी तिला आपा म्हणतो. बी.ए., डी.एड. आठ वर्षे विनाअनुदानित शाळेत. शाळा अनुदानावर येईल या आशेवर पगार. तुमच्यातल्या अनेकांना हे सांगायला नको. एके काळी प्रत्येक तालुक्यात डी.एड. कॉलेजे निघाली. मुलींसाठी सुरक्षित नोकरी म्हणून आपण सगळे तिकडे धावलो. मग भरती थांबली आणि हजारो जण हातात प्रमाणपत्र घेऊन उभे राहिले. आपा त्यातलीच. म्हणूनच तिने मला पहिला प्रश्न विचारला तो असा : “तुझं हे कॉम्प्युटरचं पण पुढे डी.एड.सारखंच होणार नाही कशावरून?”

मला उत्तर देता आले नाही. हमी कोणीच देऊ शकत नाही. मी तिला उलट विचारले, शाळेत तू शिकवण्याशिवाय काय करतेस? ती म्हणाली, सरलची माहिती मीच भरते, यू-डायसची मीच भरते, निकालपत्रक मीच बनवते. हेडमास्तरांना माऊस धरता येत नाही. मी म्हटले, मग तू अर्धी आत आहेसच.

तिने नोकरी सोडली नाही. आधी निकालपत्रकासाठी एक्सेलची सूत्रे शिकली. मग तोच तक्ता डेटाबेसमध्ये कसा ठेवतात हे शिकली, म्हणजे एसक्यूएल. मग थोडे पायथॉन. रात्री साडेनऊ ते अकरा, आठवड्यातून सहा दिवस. सासू म्हणाल्या, “अब इस उमर में पढ़ाई?” तेव्हा तिचे वय 31 होते. लॅपटॉपसाठी कोणी बांगड्या गहाण ठेवल्या नाहीत. शाळेतल्या बायकांची भिशी होती, तिच्या पाळीचे पैसे आले तेव्हा तिने जुना लॅपटॉप घेतला. दुल्हाभाईंचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. त्यांनी त्याला रॅम बसवून दिली आणि सकाळचे मुलांचे डबे आपल्याकडे घेतले. हा डब्यांचा भाग लोक गोष्ट सांगताना गाळतात. मी गाळणार नाही. डबे त्यांनी घेतले नसते तर रात्री अकरापर्यंत जागणारी बाई पहाटे पाचला उठून हे दोन महिनेही करू शकली नसती.

पहिले सहा महिने बरे गेले. मग रमजान आला, मग परीक्षा, मग धाकट्याला टायफॉइड. तीन महिने लॅपटॉप उघडला नाही. ती मला म्हणाली, मी सोडून दिले. मी काही समजावले नाही. शाळेत नवीन वर्षाचे प्रवेश सुरू झाले, तीच तीच नावे पुन्हा भरायची वेळ आली, आणि ती चिडून स्वतःच एक छोटा प्रोग्राम लिहायला बसली. तिथून ती पुन्हा लागली.

दोन वर्षांनी तिला शाळांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत टेस्टर म्हणून काम मिळाले. टेस्टर म्हणजे प्रोग्राम लोकांपर्यंत जाण्याआधी त्यातल्या चुका शोधणारा. आठ वर्षे पेपर तपासलेल्या बाईला चुका शोधायला काय शिकवायचे! पहिल्याच महिन्यात तिने एक चूक काढली. प्रवेशाच्या फॉर्ममध्ये नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव हे तिन्ही रकाने सक्तीचे होते. आपल्या किती मुलांना आडनावच नसते. मग शाळेतला क्लार्क तिथे टिंब टाकतो, किंवा ‘शेख’ लिहून टाकतो, आणि दहावीला त्या मुलाचा दाखला आणि आधार जुळत नाही. कंपनीतल्या कोणाच्या हे लक्षात आले नव्हते. खरे सांगायचे तर मी स्वतः पूर्वी एक फॉर्म बनवला होता, त्यात मीही आडनाव सक्तीचे ठेवले होते. आमच्याच मोहल्ल्यात ही अडचण रोज पाहत असूनही.

आपाला माझ्याइतके कोड येत नाही. पण त्या खोलीत शाळेचे जनरल रजिस्टर पाहिलेली ती एकटीच होती. तुम्हाला माझे एकच म्हणणे लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा. तुमचे जुने काम टाकून येऊ नका, ते बरोबर घेऊन या. बाविशीतल्या मुलाशी तुम्ही फक्त कोडमध्ये स्पर्धा केलीत तर हराल. त्याच्याकडे वेळ आहे आणि तो कमी पगारावर येतो. दवाखान्यात काम केलेल्याने दवाखान्याच्या सॉफ्टवेअरकडे जावे, हिशेबनिसाने हिशेबाच्या, ट्रान्सपोर्टवाल्याने ट्रान्सपोर्टच्या.

कागदावर मांडायचा हिशेब

आज घरी जाऊन एक कागद घ्या.

पहिला रकाना वेळेचा. रोज दीड तास, आठवड्याला सहा दिवस, म्हणजे नऊ तास. वर्षात लग्ने, आजारपण, सण धरून चाळीसच आठवडे मिळतात असे माना. झाले 360 तास. त्यात माणूस पाया शिकतो, इंजिनिअर होत नाही. म्हणून दोन वर्षे धरा. ‘90 दिवसांत’ म्हणणाऱ्या जाहिरातीला हा गुणाकार दाखवा.

दुसरा रकाना पैशाचा. आपल्यातल्या बहुतेक घरांत मिळवणारा पगारी नसतो. सच्चर समितीनेही 2006 च्या अहवालात नोंदवले आहे की मुस्लिमांमध्ये स्वयंरोजगाराचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. दुकान बंद तर चूल बंद. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत चालू काम सोडू नका. आणि पहिल्या सहा महिन्यांत शिकण्यावर पैसे खर्च करू नका. एनपीटीईएल आणि स्वयंवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने फुकट ऐकता येतात. फुकटच्या शिक्षणात सहा महिने टिकलात, तर फी भरण्यात अर्थ आहे. नाही टिकलात तर फक्त संध्याकाळी गेल्या, पैसे वाचले. काहींना त्या सहा महिन्यांत कळते की हे काम आपल्याला आवडत नाही. दिवसभर पडद्यासमोर बसून एका चुकीच्या मागे लागणे सगळ्यांना जमत नाही. तसे कळले तर तेही उत्तर आहे. त्यात कमीपणा नाही.

तिसरा रकाना घराचा. ही दोन वर्षे कोणाच्या वेळेतून येणार? मुलगा शिकतो म्हटले की घर आवाज कमी करते, अम्मी चहा आणून देते, बहिणीचे लग्न पुढे ढकलले जाते. सून शिकते म्हटले की आधी स्वयंपाक उरकायचा असतो. जोहराने भावासाठी बांगड्या दिल्या, याचा आपल्याला अभिमान आहे. मग बहिणीसाठी बांगड्या देणारा भाऊ, डबे करणारा नवरा, याचाही अभिमान वाटला पाहिजे. या सभागृहात बसलेल्या पुरुषांनी हा रकाना बायकोसमोर बसून भरावा. तिच्या वतीने भरू नये.

वय आणि नाव

आता दोन कडू गोष्टी. मोठ्या कंपन्यांची फ्रेशर भरती कॉलेजातून होते. ‘अमुक वर्षी उत्तीर्ण’ अशी अट असते, कधी दहावीपासून 60 टक्क्यांची अट असते. त्या दारातून तुम्हाला आत घेणार नाहीत, कितीही चांगले आलात तरी. तिथे वर्षभर अर्ज करून निराश होऊ नका. तुमची दारे वेगळी आहेत : लहान कंपन्या, तुमच्या जुन्या क्षेत्राचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या, सध्याच्याच कंपनीतला दुसरा विभाग, आणि ओळखीने पुढे गेलेला बायोडेटा.

दुसरी गोष्ट नावाची. एका चिठ्ठीत सरळ विचारले आहे : आपले नाव पाहून अर्ज बाजूला टाकतात का? मी ‘असे काही नसते’ म्हणणार नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी 2007 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावे बदलली. मुस्लिम आणि दलित नावांना मुलाखतीचे बोलावणे कमी आले. तेव्हा तुमचा संशय भ्रम नाही. पण एक नकार आला की तो नावामुळेच आला असे धरून बसलो, तर आपण आपली तयारी तपासणे बंद करतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. नकारानंतर विचारा की काय कमी पडले. शंभरातले दहा जण उत्तर देतील. आणि अर्जासोबत केलेले काम दाखवा. चालणारा प्रोग्राम, त्याचा कोड, त्याने कोणाची कोणती अडचण सुटली हे चार ओळींत. काम समोर असले की नाव थोडे मागे सरकते. पूर्ण नाही, थोडे.

एआयबद्दलही विचारले आहे. 2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून साधा कोड लिहून देणारी साधने सगळ्यांच्या हातात आली. मीही रोज वापरतो. नवख्याला पूर्वी जी सोपी कामे मिळत ती आता कमी मिळतात, हे मी मुलाखती घेताना पाहतो आहे. पण ते साधन मला आडनावाचा रकाना सक्तीचा करू नको असे आपण होऊन सांगत नाही. काय बनवायचे आणि बनवलेले बरोबर आहे का, हे कळणारा माणूस लागतो. त्यासाठी पाया पक्का हवा आणि कुठल्यातरी क्षेत्राची खरी माहिती हवी. नुसते कोर्सचे प्रमाणपत्र पूर्वीपेक्षा आता कमी उपयोगाचे आहे.

आमच्याकडून

शेवटी आमच्यासारख्या आत असलेल्यांबद्दल बोलतो. इतर समाजांत कोणाचा तरी काका, मामा, वर्गमित्र कंपनीत असतो. तो बायोडेटा वाचतो, कुठे खोटे फुगवले आहे ते खोडतो, मुलाखतीत काय विचारतील ते सांगतो. आपल्यात असे लोक कमी आहेत, आणि जे आहेत ते पुण्यात फ्लॅट घेतला की मोहल्ल्याचा रस्ता विसरतात. मीही काही वर्षे विसरलो होतो. आपाने विचारले नसते तर आज इथे नसतो.

म्हणून संयोजकांशी बोललो आहे. ज्यांनी चिठ्ठ्या दिल्या त्यांनी जाताना आपला नंबर त्यांच्याकडे द्यावा. महिन्यातून एक रविवार मी बसेन, आणखी दोन मित्र तयार आहेत. आम्ही नोकरी देऊ शकत नाही. बायोडेटा वाचू, खोटी मुलाखत घेऊ, आणि ज्याला हे जमणार नाही असे वाटेल त्याला तसे तोंडावर सांगू. येताना अट एकच. तो तीन रकान्यांचा कागद भरून आणा. आणि लग्न झालेले असाल तर दोघे मिळून या, कारण तिसरा रकाना मी दोघांना विचारणार आहे.

टाइल्सच्या दुकानातल्या भावाची चिठ्ठी माझ्या खिशात आहे. त्याने शेवटी लिहिले आहे, ‘सर, खरे उत्तर द्या.’ भाऊ, खरे उत्तर हे आहे : वय गेलेले नाही. नोकरी उद्या सोडू नकोस. आज रात्री दुकानाच्या स्टॉकचा तक्ता उघड आणि त्यात रोज हाताने करावे लागणारे एक काम कमी करून दाखव. पहिल्या रविवारी तो तक्ता घेऊन ये.